बार्नेगाटचें होडकें

मोठ्या गलबतांचा इतिहास लिहिला जातो. त्यांच्या तोफा, त्यांचे कप्तान, त्यांनीं जिंकलेलीं व गमावलेलीं युद्धें यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. परंतु ज्या लहान होडक्यांवर किनाऱ्याकिनाऱ्यानें हजारों कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलें, त्यांच्या वाट्यास एखादें पानहि क्वचितच येतें. होडकें कुजलें कीं जळणांत जातें. बांधणारा मेला कीं त्याच्या हातांतील माप त्याच्याबरोबर जातें. मग इतिहासकारानें शोधावें तरी काय? या नियमास जे थोडे अपवाद आहेत त्यांपैकीं एक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी संस्थानांत, आढळतो. तेथील बार्नेगाट नांवाच्या खाडींत बदकांच्या शिकारीसाठीं व मासेमारीसाठीं वापरांत असलेल्या एका बारा फुटी होडक्याच्या कर्त्याचें नांव ठाऊक आहे, काळ ठाऊक आहे, आणि तें कसें बांधावें व त्यावर काय काय चढवावें याचीं टिपणेंहि छापून राहिलीं आहेत. त्यास ‘स्नीकबॉक्स’ म्हणतात. म्हणजे लपतछपत जाणारी पेटी. नांव कांहीं भारदस्त नाहीं, परंतु यथार्थ आहे.

बार्नेगाटची खाडी म्हणजे समुद्र व जमीन यांच्यामध्यें अडकलेली पाण्याची एक लांबट पट्टी. पूर्वेस वाळूचे अरुंद दांडे आहेत; अटलांटिक महासागराच्या लाटा त्यांवर फुटतात आणि दांड्यांतील मोजक्या खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरतें. पश्चिमेस खाजण पसरलेलें आहे. त्यांत वळणावळणाचे चर, आणि त्यांच्या कांठीं गुडघाभर खारें गवत. पाणी इतकें उथळ कीं सरासरी खोली पांच फुटांच्या आसपास भरते. त्या पाण्याखालीं फितीसारख्या पानांचें समुद्रगवत वाढतें, आणि शरद् ऋतु आला कीं उत्तरेकडून बदकांचे व ब्रँट नांवाच्या लहान रानहंसांचे थवे या गवतावर व त्यांतील जीवजंतूंवर उतरतात. कांठच्या गांवांतील मनुष्य धड शेतकरीहि नव्हे व धड कोळीहि नव्हे. त्यास तिकडे खाडीचा माणूस म्हणत, आणि तो खाडीच्या पंचांगाप्रमाणें वागे. वसंतांत मासे, उन्हाळ्यांत शिंपले व खेकडे, पुढें खाजणांतील गवताची कापणी, मग कालवें, आणि थंडी पडली कीं बदकें. खाडी गोठली तर बर्फास भोंक पाडून खालच्या चिखलांतील वाम भाल्यानें टोंचून काढावयाची. इतक्या नाना उद्योगांसाठीं इतकीं होडकीं बाळगणें त्याच्या ऐपतीबाहेरचें होतें. त्यास हवें होतें एकच, पण सर्व ऋतूंत चालणारें.

१८३६ च्या सुमारास वेस्ट क्रीक गांवच्या कॅप्टन हेझल्टन सीमन यानें तें बांधलें. सीमन हा स्वतः नावा बांधणारा आणि बदकें मारण्यांत तरबेज असा गृहस्थ होता. गवतानें झांकलें असतां खाजणाच्या कडेशीं ओळखूं येणार नाहीं असें बुटकें होडकें त्यास स्वतःच्या उपयोगासाठीं पाहिजे होतें. तयार झाल्यावर त्यानें त्यास ‘सैतानाची शवपेटी’ असें नांव ठेविलें. आंत उताणें निजलेला मनुष्य पाहिला म्हणजे त्या नांवांतील थट्टा ध्यानांत येते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मात्र तें नांव टाकून आपलें साधें नांव चालविलें, व तेंच टिकलें.

या होडक्याची रचना समजावयास दोन उथळ पळ्या तोंडास तोंड लावून ठेविल्या आहेत अशी कल्पना करावी. तळ खालून पळीसारखा वाटोळा, आणि वरची तक्तपोशी कांसवाच्या पाठीसारखी फुगीर. लांबी बारा फूट, रुंदी चार फूट, खोली जेमतेम फूटभर, आणि वजन सुमारें दोनशें पौंड. इतर होड्यांस पुढें पाणी कापणारी उभी धार असते, तशी यास नाहीं. तळाच्या फळ्या नाळेकडे चढत जाऊन तक्तपोशीस मिळतात. यामुळें होडकें पाणी कापीत नाहीं, त्यावरून घसरतें. आणि पाणी संपून चिखल लागला किंवा बर्फ लागला तरी तें तितक्याच सहजतेनें घसरत पुढें जातें. वरून लाट आली तर फुगीर पाठीवरून दोहों बाजूंस ओघळते. मधोमध मनुष्य शिरेल एवढेंच तोंड, त्याभोंवतीं दोनतीन इंचांची कड, आणि त्यावर बसणारें झांकण. झांकणास कुलूप लावून बंदूक, काडतुसें व शिधा आंत ठेवितां येई; पाऊस आला तर मालकच आंत शिरून झांकण ओढून घेई.

एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. या होडक्याच्या साऱ्या फांसळ्या एकाच नमुन्याच्या वांकानें कापीत. मोठ्या नावेंत प्रत्येक फांसळीचा वांक निराळा असतो, आणि तो साधणें हेंच कसबी सुताराचें खरें काम. येथें एक फर्मा हातीं असला कीं ज्यास करवत व रंधा धरतां येतो असा कोणीहि माणूस हिंवाळ्यांत आपल्या परसांतील पडवींत होडकें उभें करूं शके. लांकूड तर उशाशींच होतें. न्यू जर्सींतील दलदलींत पांढरा सीडर नांवाचा सरळसोट वृक्ष होतो. त्याचें लांकूड हलकें, मऊ आणि कुजण्यास चिवट. अशा रीतीनें माप, माल आणि मजूर हीं तिन्ही घरचींच झालीं. या होडक्याचा प्रसार एवढ्या झपाट्यानें झाला याचें कारण त्याच्या सौंदर्यांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं.

आतां त्यावरील सरंजाम पाहूं. कारण बदकें होडक्यानें मरत नाहींत, सरंजामानें मरतात. वल्हीं अडकविण्याचे खुंट बिजागरीवर बसविलेले असत, म्हणजे काम झालें कीं ते आडवे पाडावे व दुरून कांहीं दिसूं नये. डोलकाठी काढून आंत ठेवितां येई. शीड लहान, एका तिरक्या काठीनें ताणलेलें. शिडावर चालतांना होडकें वाऱ्यानें बाजूस वाहवूं नये म्हणून सुरीसारखी एक फळी खांचेंतून खालीं सोडीत, आणि पाणी उथळ झालें कीं ती वर ओढीत. तोंडाच्या पुढें कापडाचा एक पडदा ताणीत, तो तुषार अडवी. तळास लांकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे बर्फावरून ओढतांना फळ्या झिजूं नयेत. मागच्या बाजूस तक्तपोशीवर एक कठडा असे, आणि त्यांत रचलेलीं असत भुलवणीचीं लांकडी बदकें.

हीं लांकडी बदकें हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. परंतु त्यांचें होडक्याशीं असलेलें नातें येथें सांगितलेंच पाहिजे. उडत्या थव्यास खालीं आपले भाईबंद निर्धास्तपणें तरंगत आहेत असें वाटावें म्हणून तीं पाण्यावर मांडावयाचीं. तीं जितकीं अधिक तितका थव्यास भरंवसा अधिक. परंतु दोनशें पौंडांच्या होडक्यावर डझनांनीं भरीव ठोकळे लादले तर माणसानें बसावें कोठें? म्हणून न्यू जर्सीच्या कारागिरांनीं बदक दोन तुकड्यांत कापून आंतून पोंखरण्यास आरंभ केला. दोन्ही अर्धुकें जोडलीं, तळास खांच पाडून तींत शिसें बसविलें, म्हणजे हलकें असूनहि तें लाटेवर उलथत नाहीं. इतर कित्येक ठिकाणचीं बदकें भरीव आणि जर्सीचीं पोकळ, या भेदाचें मूळ कलेच्या अभिरुचींत नसून होडक्याच्या वजनांत आहे. टकरटन गांवचा हॅरी शॉर्ड्‌स (१८६१–१९२०) हा या कामांतील प्रसिद्ध पुरुष. धंद्यानें तो घरें रंगविणारा रंगारी होता. त्याच्या हातचीं बदकें आज धनिकांच्या कांचेच्या कपाटांत विराजमान आहेत. ज्यांच्यासाठीं तीं घडविलीं त्यांनीं तीं दोऱ्यानें बांधून खाऱ्या पाण्यांत फेंकिलीं होतीं.

शिकारीचा प्रकार असा. पहाटेपूर्वीं अंधारांत वल्हवीत निघावयाचें, वाऱ्याची दिशा पाहून खाजणाच्या एखाद्या कोपऱ्यास होडकें लावावयाचें, लांकडी बदकें पसरावयाचीं, आणि होडक्याच्या पाठीवर त्याच जागचें गवत पसरून आंत उताणें पडावयाचें. गवत त्याच जागचें पाहिजे, हें महत्त्वाचें. दुसरीकडून आणलेल्या गवताचा रंग निराळा दिसतो व बदकास तो कळतो. थंडीनें बोटें बधिर झालेलीं असतात, डोळे तेवढे कडेवर असतात, आणि अर्धा अर्धा दिवस कांहींहि घडत नाहीं.

राखण्याच्या कामाकडे वळलें म्हणजे या लोकांचें खरें ज्ञान दिसूं लागतें. खारें पाणी लांकडास फारसें बाधत नाहीं; बाधतें तें पावसाचें गोडें पाणी. तक्तपोशीच्या फटींतून थेंब थेंब आंत उतरून फांसळ्यांच्या बुडाशीं सांचलेलें गोडें पाणी एकदोन वर्षांत तें करितें जें समुद्रास दहा वर्षांत साधत नाहीं. म्हणून होडकें ठेवितांना झांकण किंचित् उघडें ठेवावें, आंत वारा खेळूं द्यावा, आणि तें जमिनीवर न टेंकवितां लांकडाच्या ओंडक्यांवर उचलून ठेवावें. ऊन हा दुसरा शत्रु. वाळलेला सीडर आकसतो, सांधे उघडतात, आणि फळ्यांतून उजेड दिसूं लागतो. उतावळा माणूस त्या फटींत घाईनें कापसाची दोरी ठोकून भरतो; पुढें लांकूड पाण्यांत फुगलें कीं जागा उरत नाहीं व फळीच खिळ्यांवरून उचलली जाते. शहाणा माणूस आधीं होडकें ओलें करून ठेवितो, लांकडास आपलें आपण मिटूं देतो, आणि मग जें उघडें राहील तेवढेंच भरतो. लोखंडी खिळा खाऱ्या हवेंत गंजून भोंवतालचें लांकूड काळें करितो. असा काळा डाग दिसला कीं तो खिळा काढून दुसरा घातला पाहिजे, नाहींतर तो ऐन वादळांत निघतो. रंग दरवर्षीं, आणि तो कसा, तर मेलेल्या गवताचा, निस्तेज, चकाकी नसलेला. होडी चकचकीत असावी ही सर्व जगांतील नावाड्यांची हौस. येथें चकाकी म्हणजे अपयश.

हें सारें काम उन्हाळ्याच्या अखेरीस, बदकें येण्यापूर्वीं, उरकावें लागे. पण उन्हाळाभर होडकें रिकामें थोडेंच असे! कठडा काढला, पडदा गुंडाळला, कीं तेंच होडकें गळ व जाळें घेऊन माशांवर जाई. बसावयास जागा अंमळ अपुरी, हें खरें, आणि भरपूर मासे लागले तर ते ठेवावे कोठें हाहि प्रश्न. त्यासाठीं ज्यांस परवडे ते दुसरी मोठी होडी बाळगीत. जेथें लाटा अधिक तेथें स्नीकबॉक्स अपुरा पडे, म्हणून लिटल एग हार्बरकडे ‘मेलनसीड’ नांवाचें थोडें उंच बाजूंचें होडकें पुढें निघालें. हॉवर्ड चॅपेल यानें अमेरिकेच्या लहान शिडाच्या होड्यांवरील आपल्या १९५१ च्या ग्रंथांत त्याचीहि दखल घेतली आहे.

खाडीबाहेर या होडक्याचें नांव नेलें तें नॅथॅनिएल बिशप यानें. हा टॉम्स रिव्हर येथें क्रॅनबेरीची लागवड करणारा गृहस्थ. जलप्रवासाचा मोठा शोकी. मॅनाहॉकिन येथील कॅप्टन जॉर्ज बोगार्ट याजकडून त्यानें पंचवीस डॉलरांत एक स्नीकबॉक्स बांधून घेतला, आणि १८७५ च्या डिसेंबरांत पिट्‌स्‌बर्ग येथें ओहायो नदींत तो सोडला. तेथून ओहायो, मग मिसिसिपी, मग मेक्सिकोच्या आखाताच्या कांठाकांठानें फ्लॉरिडापर्यंत असा २६०० मैलांचा प्रवास त्यानें त्या शवपेटींत एकट्यानें केला. रात्रीं तो तींतच निजे. १८७९ सालीं त्याचें पुस्तक निघालें, आणि खाडीच्या माणसांचें हें गांवठी साधन शहरांतील वाचकांच्या घरांत पोहोंचलें.

त्याच सुमारास दुसरीहि एक गोष्ट घडली होती, व तिचा परिणाम याहून फार मोठा झाला. १८७१ सालीं आगगाडी टकरटनपर्यंत आली. तोंवर मारलेलीं बदकें घरांत, शेजारांत व फार तर जवळच्या बाजारांत खपत. आतां तीं पिंपांत भरून न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील मोठ्या उपाहारगृहांच्या दारीं जाऊं लागलीं. मागणीस अंत नव्हता, आणि मारण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, किंवा होती तेथें ती कोणी मानीत नव्हतें. न्यूयॉर्क संस्थानानें १८३८ सालींच ‘बॅटरी’ या साधनावर बंदी घातली होती. ही बॅटरी म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाखालीं बुडविलेली एक पेटी. भोंवतीं तरंगते सपाट पंख, त्यांवर वजनासाठीं लोखंडी बदकें, आणि आंत पडलेला शिकारी. लाँग आयलंडच्या शिकाऱ्यांनीं तोंडास मुखवटे बांधून ती बेलाशक चालविली, चहाडी करणारास धमक्या दिल्या, आणि अखेर कायदाच मागें घ्यावा लागला. चेसापीक उपसागरांत तर याच पेट्यांबरोबर लहान तोफेएवढ्या बंदुका होड्यांच्या नाळेवर बसवून रात्रीं निजलेल्या थव्यांवर झाडीत.

या संहारांत आपला स्नीकबॉक्स निर्दोष होता काय? तसें म्हणतां येणार नाहीं. त्याच्या आडून मारलेलीं बदकेंहि त्याच पिंपांत गेलीं. परंतु त्याच्या रचनेंतच एक मर्यादा होती. त्यांत एकच मनुष्य मावतो, ती बंदूक खांद्यावरच धरावी लागते, आणि सरंजामाचें वजन वाढलें कीं होडकें बुडूं लागतें. आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. दोष सारा पोटार्थी शिकाऱ्याच्या माथीं मारण्याची रीत पुढें पडली, ती न्याय्य नव्हे. हौशी श्रीमंतांचे क्लब त्याच पाण्यांवर तोच खेळ खेळत होते. आणि बाजाराशीं कांहीं संबंध नसतांना काय होऊं शकतें हें पाहावयाचें तर आपल्याकडील भरतपूरच्या तळ्यावरील शिलालेख पाहावा, जेथें १९३८ च्या नोव्हेंबरांत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४२७३ पक्षी पडल्याची नोंद कोरलेली आहे.

कायदे आले ते टप्प्याटप्प्यानें. १९०० च्या लेसी कायद्यानें एका संस्थानांत बेकायदा मारलेलें सावज दुसऱ्या संस्थानांत नेण्यास मनाई केली. १९१३ च्या कायद्यानें उडत्या पाहुण्या पक्ष्यांचें संरक्षण मध्यवर्ती सरकारच्या हातीं आलें. १९१६ सालीं कॅनडाकरितां ब्रिटनशीं तह झाला, आणि त्याच्या अंमलासाठीं १९१८ सालीं जो कायदा झाला त्यानें या पक्ष्यांची विक्रीच बंद केली. मिसूरी संस्थानानें त्यास आव्हान दिलें. १९२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें फेटाळिलें. या एका फटक्यासरशीं बार्नेगाटच्या माणसाच्या हिंवाळ्यांतील रोख मिळकत नाहींशी झाली. पक्षी वांचावयाचे तर हें अपरिहार्य होतें असेंच माझें मत आहे. तथापि त्याची किंमत ज्यानें भरली त्याची दखल त्या कायद्याच्या गौरवपर इतिहासांत क्वचितच घेतली जाते. जो काल स्वतःसाठीं शिकार करी, तो आज शहरांतील पाहुण्यास आपल्या होडक्यांत निजवून स्वतः थंडींत दूर उभा राहूं लागला. बदकांची जागा, वाऱ्याचें वळण, गवताचा रंग हें सर्व त्याचेंच; बंदूक मात्र पाहुण्याची.

१९३४ सालीं शिकाऱ्यानें दरवर्षीं एक डॉलरचें तिकीट घ्यावें व त्या पैशांतून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखाव्या, असा कायदा झाला. पहिल्या तिकिटाचें चित्र व्यंगचित्रकार ‘डिंग’ डार्लिंग यांनीं काढिलें. (२०१५ पासून तें तिकीट पंचवीस डॉलरांस मिळतें, बिशपचें सबंध होडकें तेवढ्यांत आलें होतें.) १९३५ च्या नियमांनीं बुडत्या पेट्या, जिवंत बदकांचें आमिष व दाणे टाकून भुलविणें हीं बंद केलीं, आणि बंदुकींत तीनच काडतुसें भरावीं असें ठरविलें. स्नीकबॉक्सवर मात्र कोणी बोट ठेविलें नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं एका माणसानें परसांत बांधलेलें साधन नव्या नियमांत जसेंच्या तसें बसलें. त्याच्या भोंवतींचीं प्रचंड साधनें एकामागून एक बेकायदा झालीं.

पण खाडीवर येणारें संकट नेहमींच बंदुकीच्या नळींतून येतें असें नाहीं. १९३०–३१ च्या सुमारास अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर समुद्रगवतास एक रोग लागला आणि पाण्याखालचीं कुरणें ओस पडलीं. ब्रँटचें मुख्य अन्नच तें. त्यांची संख्या इतकी ढांसळली कीं दहांपैकीं एकदोनच उरले असतील. जे उरले ते दुसऱ्या शेवाळावर व पुढें कांठच्या हिरवळीवर चरावयास शिकले म्हणून तगले. ज्या माणसानें पन्नास वर्षें आपल्या होडक्याची प्रत्येक फट जपली, त्यास खाडीच्या तळाशीं काय चाललें आहे हें कळण्यास मार्ग नव्हता.

पुढील कथा थोडक्यांत सांगतां येईल. बार्नेगाट गांवच्या जे. हॉवर्ड पेराइन यानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हीं होडकीं मोठ्या संख्येनें बांधलीं. त्यांतील मोठ्या मापाचीं शिडाच्या शर्यतींसाठीं विकलीं जात, आणि खाडीवर उन्हाळ्यास आलेलीं शहरी मुलें त्यांवर शीड धरावयास शिकलीं. नंतर कांचतंतूंचीं होडकीं आलीं. त्यांस ना सांधे, ना कापसाची दोरी, ना खिळ्याचा डाग. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिशाचे छरे वापरण्यास साऱ्या देशांत बंदी झाली, कारण तळाशीं पडलेले छरे गिळून बदकें विषबाधेनें मरत. १९८४ सालीं ब्रिगंटाइन व बार्नेगाट येथील दोन अभयारण्यें एकत्र करून त्यांस एडविन फोर्साइथ यांचें नांव देण्यांत आलें. आज त्यांत चाळीस हजार एकरांहून अधिक जमीन आहे, आणि त्याच्या कांहीं भागांत ठराविक दिवसांत शिकारीस परवानगी असते. त्या दिवसांत पहाटे जीं होडकीं खाजणाकडे निघतात त्यांचा माल बदललेला आहे. परंतु तळ पळीसारखा, पाठ कांसवासारखी, रंग मेलेल्या गवताचा. आणि वर पसरावयाचें गवत अजूनहि त्याच जागचें घ्यावें लागतें.